लर्निंगची परीक्षा घरून, पण पक्क्या लायसन्ससाठी ट्रॅक: आधारपासून अपॉइंटमेंटपर्यंत सविस्तर मार्गदर्शन

महाराष्ट्रात १४ जून २०२१ पासून शिकाऊ परवान्याची, म्हणजे सगळे ज्याला 'लर्निंग लायसन्स' म्हणतात त्याची, परीक्षा घरी बसून देता येते. आधारवरून ओळख पटवायची, शुल्क ऑनलाइन भरायचे, संगणकावर १५ प्रश्न सोडवायचे आणि ९ बरोबर आले की परवान्याची पीडीएफ उतरवून घ्यायची. सगळे नीट जुळले तर अर्जापासून परवान्यापर्यंतचे काम एका दिवसात होते.

त्याआधी ही परीक्षा आरटीओतल्या संगणक कक्षात होत असे. कक्षात खुर्च्या किती आणि दिवसात तुकड्या किती, यावर रोज किती जणांची परीक्षा होणार हे ठरायचे. करोनाच्या काळात कार्यालये बंद राहिली, नंतर मर्यादित संख्येने उघडली आणि अर्ज साचत गेले. मुदत संपलेल्या कागदपत्रांना केंद्र सरकारला पुन्हा पुन्हा वाढ द्यावी लागली. १ फेब्रुवारी २०२० नंतर मुदत संपलेली लायसन्स अखेर ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत ग्राह्य धरली गेली. लेखी परीक्षा घरी नेल्यामुळे खुर्च्यांची अडचण संपली. मात्र पक्क्या लायसन्ससाठी गाडी चालवून दाखवावी लागते. त्यासाठी लागतो ट्रॅक आणि मोटार वाहन निरीक्षक, आणि या दोन्हींची संख्या घरबसल्या परीक्षेने वाढत नाही. हेच निरीक्षक गाड्यांची योग्यता तपासणी करतात आणि वायुवेग पथकांतही, म्हणजे रस्त्यावर गाड्या तपासणाऱ्या आरटीओच्या पथकांतही जातात. त्यामुळे पहिल्या दारातली गर्दी ओसरली, तरी दुसऱ्या दारात ती आजही भेटते.

म्हणून लर्निंगचा अर्ज भरतानाच पक्क्या लायसन्सच्या तारखांचा हिशोब करून ठेवा. लर्निंगची मुदत सहा महिन्यांची असते, आणि ट्रॅकची तारीख वेळेत मिळाली नाही म्हणून ती आपोआप वाढत नाही.

अर्जाआधी आधार कार्ड काढून बघा

घरबसल्या परीक्षेत अडकणाऱ्या पुष्कळ अर्जांचे मूळ आधारमध्ये असते. नाव, जन्मतारीख, पत्ता आणि फोटो या चारही गोष्टी तिथूनच उचलल्या जातात आणि अर्ज भरताना बदलता येत नाहीत. हे आधी तपासा:

मोबाइल नंबर. आधारला जोडलेला नंबर आज चालू हवा आणि तो फोन तुमच्या हातात हवा, कारण ओटीपी त्याच नंबरवर येतो. शाळेत असताना काढलेल्या आधारला बऱ्याचदा वडिलांचा जुना, बंद पडलेला नंबर जोडलेला असतो. आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून घ्या आणि तो बदल नोंदला गेल्याची खात्री झाल्यावरच अर्जाला हात लावा.

फोटो. परीक्षेच्या वेळी कॅमेऱ्यात दिसणारा चेहरा आधारवरच्या फोटोशी ताडून पाहिला जातो. आधारमधले बायोमेट्रिक वयाच्या ५व्या आणि १५व्या वर्षी अद्ययावत करावे लागते. पंधराव्या वर्षी ते राहून गेले असेल, तर अठरा वर्षांच्या मुलाच्या आधारवर सात-आठ वर्षांच्या पोराचा फोटो असतो. यंत्र तो चेहरा ओळखत नाही आणि दोष मात्र वेबसाइटला दिला जातो. फोटो जुना असेल तर आधी बायोमेट्रिक अद्ययावत करा.

जन्मतारीख. काही जुन्या आधार कार्डांवर नुसते जन्मवर्ष असते. परवान्याला पूर्ण तारीख लागते.

नाव. दहावीच्या प्रमाणपत्रावर, पॅनवर आणि आधारवर नाव एकसारखे नसेल, तर आधारवरचेच नाव परवान्यावर येते. पुढे पासपोर्टच्या किंवा नोकरीच्या वेळी हा फरक छळतो. आता दुरुस्त करणे स्वस्तात पडते.

पत्ता. आधार नांदेडचे आणि राहणे पुण्यात, अशी अवस्था हजारो विद्यार्थ्यांची आणि नोकरदारांची आहे. आधारच्या मार्गाने अर्ज केलात तर परवान्यावर नांदेडचाच पत्ता येईल आणि पुढे टपालाने येणारे कार्डही तिकडेच जाईल. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या कोणत्याही परवाना प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तरी अर्जाच्या पानावर कोणते आरटीओ निवडले गेले आहे ते सबमिट करण्याआधी वाचा. पुण्याचाच पत्ता हवा असेल तर आधी आधारवरचा पत्ता बदला, किंवा आधारशिवायचा मार्ग निवडून पुण्याच्या पत्त्याचा पुरावा जोडा. दुसऱ्या मार्गात परीक्षेला आरटीओत जावे लागते. ती सोय बंद झालेली नाही.

कोणत्या गाडीचा परवाना मागायचा

अर्जात वाहनाचे वर्ग निवडावे लागतात. गिअरची मोटारसायकल, बिनगिअरची दुचाकी आणि हलके मोटार वाहन म्हणजे कार, हे नेहमीचे तीन. गिअरच्या दुचाकीचा परवाना असला की बिनगिअरची स्कूटरही चालवता येते. उलट मात्र चालत नाही. आज स्कूटर आहे, पण वर्षभरात बाइक घ्यायचा विचार असेल, तर आत्ताच गिअरचा वर्ग मागा. मग ट्रॅकवरही गिअरचीच गाडी न्यावी लागेल, हे लक्षात ठेवा. दुचाकी आणि कार दोन्ही शिकायच्या असतील तर एकाच अर्जात दोन्ही निवडा. परीक्षा एकच होते.

वयाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज सोळा ते अठरा या वयोगटात दिसतो. सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने मिळणारा परवाना ५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलपुरता असतो. रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक स्कूटर १०० सीसीच्या वरच्या आहेत. तो परवाना खिशात ठेवून अकरावीतला मुलगा ११० सीसीची स्कूटर चालवत असेल, तर कायद्याच्या नजरेत तो विनापरवानाच आहे. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर कलम १९९-अ नुसार पालक किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. 'क्लासपुरतीच नेतो' म्हणणाऱ्या मुलाच्या हातात किल्ली देण्याआधी घरच्यांनी हे वाचावे.

चाळीस वर्षांवरील अर्जदारांना डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते, त्याला नमुना १-अ म्हणतात. ते नोंदणीकृत डॉक्टरांकडून घ्यायचे असते. बाकीच्यांना नमुना १ मधले स्वयंघोषणापत्र पुरते. डोळे, फिट येणे, ऐकू येणे अशा प्रश्नांची उत्तरे त्यात द्यायची असतात. ती खरी द्या. खोट्या घोषणेवर घेतलेला परवाना पुढे अपघाताच्या प्रकरणात तुमच्याच विरोधात उभा राहतो.

अर्ज भरण्याची पद्धत

सरकारी पोर्टल एकच, परिवहन, आणि त्यातला परवान्यांचा विभाग म्हणजे 'सारथी'. पत्ता 'जीओव्ही डॉट इन'ने संपतो की नाही ते पाहा. शोधयंत्रात 'लर्निंग लायसन्स' टाकल्यावर वर येणाऱ्या जाहिरातींत सारथीसारख्या दिसणाऱ्या खासगी साइट असतात. त्या दुप्पट-तिप्पट पैसे घेतात आणि आधारचा तपशीलही. व्हॉट्सअॅपवर आरटीओच्या नावाने येणारी अॅपची फाइल तर कधीच उघडू नका. त्यातून बँक खाती रिकामी झाल्याचे प्रकार घडले आहेत.

१. सारथीवर राज्य म्हणून महाराष्ट्र निवडा आणि 'अप्लाय फॉर लर्नर लायसन्स' उघडा. आधी कोणताही परवाना नसेल तर तसा पर्याय निवडा. असेल आणि फक्त नवा वर्ग वाढवायचा असेल, तर जुन्या परवान्याचा नंबर द्या. जुना परवाना लपवून नवा अर्ज केला की यंत्रणा दुबार नोंद पकडते आणि अर्ज लटकतो.

२. आधारने ओळख पटवण्याचा पर्याय निवडा, आधार क्रमांक टाका, ओटीपी भरा. नाव, पत्ता, फोटो आपोआप येतील. शिक्षण, रक्तगट, ओळखखूण आणि तातडीच्या संपर्काचा नंबर तुम्ही भरायचा. रक्तगट अंदाजाने भरू नका. अपघातात डॉक्टर पुन्हा तपासतात हे खरे, पण कार्डावरची माहिती चुकीची का ठेवायची? अवयवदानाबाबतचा प्रश्नही याच पानावर असतो. घरात बोलून ठरवा.

३. वाहनाचे वर्ग निवडा, घोषणापत्र भरा, सबमिट करा. अर्ज क्रमांक मिळेल. त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि वहीतही लिहून ठेवा. यापुढची प्रत्येक पायरी अर्ज क्रमांक आणि जन्मतारीख यांवर चालते.

४. सही अपलोड करा. कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या किंवा निळ्या पेनाने सही करा, उजेडात फोटो काढा, सहीभोवतीचा कागद कापून टाका. फाइल साधारण १० ते २० केबी लागते. मोबाइलने काढलेला फोटो काही हजार केबींचा असतो, म्हणून तो नाकारला जातो. आकार कमी करा, पण इतकाही नको की सही पुसट होईल. ही सही पुढे वीस वर्षे कार्डावर राहणार आहे.

५. शुल्क भरा. केंद्रीय नियमांनुसार शिकाऊ परवान्याचे प्रत्येक वर्गासाठी १५० रुपये आणि परीक्षेचे ५० रुपये. इतर किरकोळ आकार धरून अंतिम रक्कम पडद्यावर दिसते. पैसे खात्यातून गेले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. पैसे भरण्याच्या विभागात 'व्हेरिफाय पे स्टेटस' असा पर्याय आहे. त्यात अर्ज क्रमांक टाकला की अडकलेला व्यवहार बहुधा जुळतो. दोनदा भरलेले पैसे परत मिळवणे हे वेगळेच काम होऊन बसते.

सायबर कॅफेतून किंवा सेवा केंद्रातून अर्ज भरत असाल तर संपर्काच्या रकान्यात तुमचाच मोबाइल नंबर टाका. दुकानदाराचा नंबर टाकला गेला की परीक्षेचा पासवर्ड आणि पुढचे सगळे संदेश त्याच्याकडे जातात, आणि प्रत्येक पायरीला त्याच्या दारात जावे लागते.

अभ्यास: चिन्हे, मार्गाचा हक्क आणि चालकाची कर्तव्ये

'पंधरातले नऊ तर कुणालाही येतात' या भरवशावर बसणारे नापास होतात, आणि पास झाले तरी रस्त्यावर ते उघडे पडते. पूर्वी आरटीओत जाताना निदान बसमध्ये तरी चिन्हांची पुस्तिका चाळली जाई. घरबसल्या परीक्षेने तेवढाही दबाव काढून टाकला आहे. म्हणून दोन संध्याकाळ खरोखर अभ्यासाला द्या. सारथीवर सराव परीक्षा आहे, ती आधी मराठीत सोडवा. परीक्षेची भाषा मराठी, हिंदी किंवा इंग्रजी निवडता येते. मराठी प्रश्नांची भाषा पुस्तकी असते. मार्गाधिकार, अग्रक्रम, पादचारी, वाहन उभे करण्यास मनाई असे शब्द सरावात एकदा डोळ्यांखालून गेले की परीक्षेत अडखळायला होत नाही.

चिन्हांची सुरुवात आकारापासून करा. गोल चिन्ह आदेश देते, ते मोडले तर दंड. त्रिकोण सावध करतो. चौकोनी निळी पाटी माहिती देते. दोन चिन्हे मुद्दाम वेगळ्या आकाराची आहेत, ती बर्फाने किंवा चिखलाने झाकली तरी ओळखू यावीत म्हणून: 'थांबा' अष्टकोनी आणि 'रस्ता द्या' हा उलटा त्रिकोण. नापास होणारे सहसा पुढच्या जोड्यांत चुकतात:

निळ्या गोलावर एकच तिरकी लाल रेघ म्हणजे वाहन उभे करून ठेवायला मनाई. दोन रेघांची फुली म्हणजे क्षणभर थांबायलाही मनाई. फुलीच्या पाटीजवळ 'फक्त एकाला उतरवतोय' ही सबब चालत नाही.

त्रिकोणात फाटकाचे चित्र असेल तर पुढच्या रेल्वे फाटकावर माणूस आहे, रेल्वे इंजिनाचे चित्र असेल तर नाही. बिनमाणसाच्या फाटकावर गाडी थांबवायची आणि क्लीनर किंवा सोबतच्या माणसाने पुढे जाऊन गाडी येत नाही ना ते पाहायचे. एकटे असाल तर स्वतः उतरून पाहायचे. ही मोटार वाहन कायद्याच्या कलम १३१ची तरतूद आहे आणि तिच्यावर प्रश्न येतो.

'अरुंद पूल' आणि 'पुढे रस्ता अरुंद' ही चित्रे पटकन सारखी वाटतात. दोन्ही शेजारी ठेवून पाहा.

पांढऱ्या गोलावर तिरकी काळी रेघ म्हणजे आधीचे निर्बंध संपले. कशाची तरी मनाई आहे असे समजून अनेक जण चुकीचे उत्तर देतात.

मार्गाच्या हक्काचे नियम २०१७च्या मोटार वाहन चालन विनियमांत आहेत. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. घाटात चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यायची. वरंध, ताम्हिणी, आंबेनळी अशा घाटांत हा नियम रोज मोडला जातो, आणि चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा सुरू करणे किती जड जाते हे खालून आलेल्यालाच कळते. ओव्हरटेक उजवीकडून. पुढची गाडी उजवीकडे वळायचा इशारा देत असेल तरच डावीकडून. अरुंद पूल, वळण, चौक, झेब्रा आणि पुढचे न दिसणारी जागा, इथे ओव्हरटेक नाहीच. लुकलुकणारा पिवळा दिवा म्हणजे वेग कमी करून सावधपणे जा. लुकलुकणारा लाल म्हणजे पूर्ण थांबा, बघा, मग जा. पांढरी काठी घेतलेली अंध व्यक्ती रस्ता ओलांडत असेल तर ती काठी हाच थांबण्याचा इशारा समजायचा.

अपघातानंतरचे कर्तव्य कलम १३४मध्ये आहे: जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची आणि पोलिसांना शक्य तितक्या लवकर, कोणत्याही परिस्थितीत २४ तासांत कळवायचे. दारूची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. अडवल्यावर कोणती कागदपत्रे दाखवायची यावरही प्रश्न येतो: परवाना, नोंदणी प्रमाणपत्र, विमा, पीयूसी. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अॅपवरची प्रत कायद्याने चालते.

परीक्षा देताना

कागदपत्रे आणि शुल्क पूर्ण झाले की मोबाइलवर परीक्षेचा पासवर्ड येतो. आधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ पाहावा लागतो. तो चालू ठेवून उठून जाऊ नका. त्यातलेच काही प्रश्न पुढे भेटतात.

जागा निवडताना उजेड समोरून येईल असे बसा. पाठीमागे खिडकी असली की कॅमेऱ्यात चेहरा काळा पडतो आणि जुळणी फसते. टोपी, मास्क, चकाकणारा चश्मा नको. चश्म्याशिवाय वाचता येत नसेल तर दिव्याचे प्रतिबिंब काचेवर पडणार नाही असा कोन शोधा. खोलीत दुसरे कुणी नको. मागून डोकावणारे धाकटे भावंडही कॅमेऱ्यात दुसरा चेहरा म्हणून धरले जाते आणि परीक्षा रद्द होऊ शकते. ब्राउझरने कॅमेऱ्याची परवानगी मागितली की ती द्या. चुकून नाकारली असेल तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती पुन्हा चालू करावी लागते, नुसते पान ताजे करून भागत नाही. बाकीच्या खिडक्या आणि व्हिडिओ कॉलची अॅप बंद करा, कारण कॅमेरा दुसऱ्या अॅपच्या ताब्यात असेल तर इथे काळा चौकोन दिसतो. लॅपटॉप चार्जरला लावा. वीज जाण्याचा भरवसा नसेल तर फोनचे हॉटस्पॉट तयार ठेवा.

प्रत्येक प्रश्नाला वेळ ठरलेली असते आणि ती पडद्यावर उलटी मोजली जाते. मागे जाता येत नाही. म्हणून पूर्ण प्रश्न वाचा, सगळे पर्याय वाचा आणि मगच निवडा. 'नाही' आणि 'नये' हे शब्द घाईत सुटतात.

पास झालात तर परवान्याची पीडीएफ लगेच किंवा थोड्या वेळात मिळते. तिची एक छापील प्रत गाडीत ठेवा. नापास झालात तर परीक्षेचे ५० रुपये पुन्हा भरून त्याच अर्जावर परत बसता येते. नवा अर्ज करू नका.

एजंट म्हणतो, 'परीक्षेला बसायचीही गरज नाही, ओटीपी सांगा, बाकी आम्ही बघतो.' घरबसल्या सेवा सुरू झाल्यावर असे प्रकार उघडकीला आले आणि चेहरा पडताळणीची कडक अट त्यामुळेच महत्त्वाची ठरली. आधारचा ओटीपी परक्या माणसाला देणे म्हणजे तुमच्या नावाने कुठेही सही करायची मुभा देणे आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, ज्याने एकही चिन्ह पाहिलेले नाही असा माणूस दुसऱ्या दिवशी शाळेसमोरच्या रस्त्यावर गाडी घेऊन उतरतो.

तीस दिवस, सहा महिने आणि मधली खिडकी

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १५ सांगतो की लर्निंग मिळाल्यापासून किमान ३० दिवस गेल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. लर्निंगची मुदत सहा महिने. म्हणजे चाचणीसाठी हातात पाचच महिने उरतात. चाचणीत नापास झालात तर नियमांनुसार सात दिवस थांबावे लागते. तीनदा नापास झालात तर शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस.

समजा, लर्निंग १ जानेवारीला मिळाले. ३१ जानेवारीपासून चाचणी देता येईल आणि जूनअखेर मुदत संपेल. तुमच्या आरटीओत कारची तारीख दीड महिन्याने मिळते असे धरा. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात अर्ज केला तर मार्चअखेर पहिली चाचणी. नापास झालात तरी मे महिन्यात दुसरी संधी मिळते आणि जूनआधी काम उरकते. तोच अर्ज 'आधी नीट हात बसू दे' म्हणत एप्रिलअखेर केला, तर पहिली चाचणी जूनच्या मध्यावर येते. तिथे चूक झाली की पुढची तारीख मिळेपर्यंत लर्निंग संपते. मग नवा अर्ज, नवे शुल्क, नवी परीक्षा आणि पुन्हा ३० दिवसांची वाट.

म्हणून ३१व्या दिवशीच 'अप्लाय फॉर ड्रायव्हिंग लायसन्स'मध्ये लर्निंगचा नंबर टाकून अर्ज करा आणि शुल्क भरून तारीख घ्या. शिकणे त्या तारखेच्या हिशोबाने लावा. चाचणीचे प्रत्येक वर्गासाठी ३०० रुपये, परवान्याचे २०० आणि स्मार्ट कार्डाचे २०० रुपये, वर टपाल वगैरे.

तारीख दूरची दिसत असेल तर तीन गोष्टी करून पाहा. एक, रद्द झालेल्या तारखा परत यादीत येतात, म्हणून दोन-चार दिवस वेगवेगळ्या वेळी पान उघडा. ज्यांना जमणार नाही त्यांनीही आपली तारीख वेळेत रद्द करावी. न सांगता गैरहजर राहिलेल्या प्रत्येकामागे ट्रॅकवरची एक जागा फुकट जाते, आणि साचलेले अर्ज न हलण्याचे हे एक साधे, पण टाळता येण्यासारखे कारण आहे. दोन, तालुक्याच्या गावी आरटीओचे मासिक दौरे असतात, ज्यांना लोक 'कॅम्प' म्हणतात. शहरातल्या मुख्य कार्यालयापेक्षा तिथे तारीख लवकर मिळू शकते. तीन, दुचाकी आणि कारच्या जागा काही शहरांत वेगळ्या आहेत. पुण्यात कारची चाचणी भोसरीजवळच्या आयडीटीआर या चालक प्रशिक्षण संस्थेच्या संगणकीकृत ट्रॅकवर होते, तर दुचाकीची आळंदी रस्त्यावरच्या मैदानात. दोन्ही वर्ग एकाच अर्जात असतील तर दोन्ही ठिकाणांच्या तारखा नीट वाचा.

चाचणी टाळण्याचा कायदेशीर मार्ग एकच: केंद्राच्या २०२१च्या नियमांखाली मान्यता मिळालेल्या चालक प्रशिक्षण केंद्रातून अभ्यासक्रम पूर्ण करणे. हलक्या वाहनासाठी तो २९ तासांचा आहे. गल्लीतल्या नेहमीच्या मोटार ट्रेनिंग स्कूलचे प्रमाणपत्र ही सूट देत नाही. फी भरण्याआधी शाळेला तिची मान्यता कोणत्या प्रकारची आहे हे स्पष्ट विचारा आणि कागद बघा.

शिकण्याच्या काळात गाडीला पुढे-मागे पांढऱ्या चौकोनावर लाल इंग्रजी 'एल' लागतो. चौकोन १८ सेंटिमीटरचा, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. टेपच्या पट्ट्यांचा 'एल' त्यात बसत नाही. कारमध्ये शेजारी पक्का परवाना असलेली आणि गाडी थांबवू शकेल अशी व्यक्ती हवीच. दुचाकीवर शिकवणाऱ्याशिवाय मागे कुणाला बसवता येत नाही. विनापरवाना चालवण्याचा दंड ५,००० रुपये आहे आणि अशा वेळी अपघात झाला तर विमा कंपनीला भरपाई नाकारायचे कारण मिळते.

ट्रॅकवर

गाडी तुम्हीच न्यायची असते. नोंदणी, विमा आणि पीयूसी तिन्ही चालू हवेत. पीयूसी संपलेली निघाली म्हणून दीड महिन्याने मिळालेली तारीख वाया जाणे फार वाईट. आदल्या दिवशी एमपरिवहनवर तिन्ही तपासा. मूळ लर्निंग, अर्जाची पावती आणि आधार जवळ ठेवा. ट्रॅकवर येतानाही तुम्ही शिकाऊच असता, म्हणून कार एकट्याने चालवत येऊ नका.

दुचाकीला आठचा आकार. पाय टेकला की संपले. आठ काढताना नजर पुढच्या चाकावर ठेवली की तोल जातो. वळणाच्या पुढच्या टोकाकडे पाहा, क्लच अर्धा धरून वेग एकसारखा ठेवा आणि मागचा ब्रेक हलका लावा. हेल्मेट हवेच.

कारला मागे घेणे, अरुंद जागेत लावणे, चढावर गाडी मागे न घसरता सुरू करणे. चढावर हँडब्रेक ओढा, क्लच हळू सोडा, बोनेट किंचित उचलल्यासारखे वाटले की हँडब्रेक सोडा. गाडीत बसल्यावर पहिली कामे आरसे आणि सीटबेल्ट. निरीक्षक किंवा कॅमेरा ती बघतो आणि घाबरलेले उमेदवार इथेच गुण घालवतात. इंडिकेटर प्रत्येक वळणाआधी द्या, मोकळ्या ट्रॅकवरही.

पास झाल्यावर परवाना सारथीवर आणि डिजिलॉकरमध्ये आधी दिसतो. कार्ड नंतर टपालाने येते. पत्त्यावर कुणी नसेल तर पाकीट आरटीओत परत जाते, म्हणून सारथीवर स्पीड पोस्टचा क्रमांक पाहून पोस्टमनची वाट बघा. तोवर डिजिलॉकरमधली प्रत रस्त्यावर दाखवायला पुरते.